कॅलरीची नजरअंदाज पैसेवारी

राळेगाव तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा : "वय ४१, उंची १६८ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ८६ किलो. शाळा सुरू झाली तेव्हापासून मोबाईलवर कॅलरी मोजतोय. ॲपनं सांगितलं, तुमचा रोजचा खर्च २३५० कॅलरी, तुम्ही १८०० खा, रोज ५५० ची तूट पडेल, सोळा आठवड्यांत आठ किलो उतरतील. एक दिवस नोंद चुकवली नाही. उतरले साडेतीन, त्यातला दीड तर पहिल्याच आठवड्यात. आता शास्त्र खोटं म्हणू, की माझं शरीरच काही वेगळं आहे?"

सर, शास्त्र ठीक आहे आणि तुमचं शरीरही ठीक आहे. चुकली ती आठ किलोची खात्री.

तुमच्या गावच्या तलाठ्याला विचारा. पीक वावरात उभं असतानाच नजरअंदाज पैसेवारी निघते, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा नुसत्या नजरेनं काढलेला सरकारी अंदाज. मग सुधारित. अंतिम निघते ती पीक कापणी प्रयोग झाल्यावर, प्रत्यक्ष माल मोजून. पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर अख्ख्या गावाचा जीव टांगलेला असतो, पण नजरअंदाज पैसेवारीच्या भरवशावर पोरीच्या लग्नाची तारीख काढणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. ॲपनं दिलेले आठ किलो ही नजरअंदाज पैसेवारी होती. तुम्ही तिला अंतिम समजून बसलात.

मी तेवीस वर्षं हिंगणघाट भागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्यासारखे लोक आठवड्याला दोन-तीन तरी येतात, मोबाईल पुढं करतात आणि म्हणतात, "पहा मॅडम, सगळं लिहिलंय." त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

खाल्लेल्यापेक्षा खर्च जास्त झाला तर शरीर साठ्यातलं काढतं, हा नियम मोडत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथं ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्यानं घटलं. त्यांच्यात 'माझं तर हवेनंही वजन वाढतं' म्हणणारा कोणी निघाला नाही. म्हणजे नियम पक्का. पण नियम पक्का असणं आणि तुमच्या हातातला हिशेब पक्का असणं यात अंतर आहे. त्या हिशेबात तीन आकडे लागतात : किती खाल्लं, किती खर्चलं, आणि एक किलो उतरायला किती तूट लागते. तुमच्याकडे तिन्ही अंदाजाचे होते.

आधी खर्चाचं बघू, कारण तिथली चूक मला तुमच्या पत्रातच दिसते.

ॲपनं २३५० कुठून काढले? बहुतेक ॲप १९९० साली मांडलेलं मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र वापरतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ४९८ निरोगी माणसांवर मोजमाप करून ते बनवलं. किलोमधल्या वजनाला १० नं गुणा, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ नं, वयाला ५ नं गुणून ते वजा करा, पुरुष असाल तर ५ मिळवा. तुमचं येतं १७१०. नुसतं पडून राहिलात तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना रोज लागणारी ही ऊर्जा. सूत्र वाईट नाही. दहांपैकी सात-आठ जणांत ते दहा टक्क्यांच्या आत बसतं. पण दहा टक्के म्हणजे तुमच्या बाबतीत १७० कॅलरी इकडे किंवा तिकडे, आणि उरलेल्या दोन-तीन जणांत चूक त्याहूनही मोठी.

पुढे ॲप विचारतं, हालचाल किती करता? 'बैठं काम' निवडलं तर १.२ नं गुणतं, 'थोडीफार' निवडलं तर १.३७५ नं. १७१० ला १.३७५ नं गुणलं की २३५१. म्हणजे तुम्ही 'थोडीफार' निवडलं होतं. 'बैठं' निवडलं असतं तर २०५२ आले असते. एका बोटाच्या टिचकीत ३०० कॅलरी! तुमच्या ५५० च्या तुटीतला अर्ध्याहून जास्त भाग तिथंच गेला असण्याची शक्यता.

राग मानू नका, पण हे सगळेच करतात. आपल्याला वाटतं आपण दिवसभर राबतो. तुमचे वडील डवरे धरत असतील, आई दिवसभर निंदणाला वाकत असेल. त्यांच्या खर्चाची सवय आपल्या ताटाला लागली आहे आणि आपण मोटारसायकलनं शाळेत जाऊन खुर्चीत बसतो. शाळेत तासभर उभं राहणं, गावात एक चक्कर, एवढ्यानं माझ्या मते तुमचा गुणक १.२५ च्या पुढं जात नाही. म्हणजे खर्च साधारण २१४०.

आता खाण्याचं. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे, ती सांगितल्याशिवाय हा विषय मला पुढं नेता येत नाही.

नवी होते तेव्हा माझ्याकडे छापील तक्ते होते, १२०० कॅलरीचे. सकाळी दोन टोस्ट, एक सफरचंद, दुपारी 'भाकरी दोन, वरण एक वाटी, भाजी एक वाटी'. जवळच्या खेड्यातली एक बाई यायची, अडतिशीची, साखरेचा आजार नुकताच निघालेला. दोन महिने झाले, वजन तसूभर हललं नाही. ती म्हणे, "मॅडम, मी तं दोन भाकरीच्या वर काहीच नाही खात." मी तिच्या सासूसमोर तिला म्हटलं, तुम्ही खोटं बोलता. त्यानंतर ती आलीच नाही.

वर्षभरानं त्याच गावात आरोग्य शिबिर होतं. तिनंच मला चहाला घरी नेलं. चुलीवर तवा होता, परातीत ज्वारीचं पीठ. माझ्या पिशवीत स्वयंपाकघराचा छोटा काटा असायचा. तिच्या परवानगीनं एका भाकरीचं पीठ मोजलं : १०५ ग्रॅम. माझ्या तक्त्यातली भाकरी ४५ ग्रॅमची होती, शहरातल्या वसतिगृहातली. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३३५ च्या आसपास कॅलरी असतात. तिच्या दोन भाकरी म्हणजे सातशे, माझ्या दोन म्हणजे तीनशे. मग तिनं भाजीला फोडणी दिली. तेलाचा डबा वाकडा केला आणि धार सोडली, चमचा नाही, पळी नाही. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. माझं माप खोटं होतं. मी माफी मागितली, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आता जेवूनच जा."

मोठ्या प्रयोगशाळांतही हेच दिसलं आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये दहा लठ्ठ माणसं तपासली. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी त्यांची तक्रार होती. त्यांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू मिसळलेलं पाणी पाजलं. ते लघवीतून किती वेगानं बाहेर पडतं यावरून माणसाचा खरा खर्च कळतो, आणि वजनातला बदल धरला की खरं खाणंही कळतं. ही माणसं दिवसाला हजारेक कॅलरी लिहीत होती, खात होती दोन हजारांहून जास्त. व्यायाम मात्र प्रत्यक्षापेक्षा दीडपट सांगत होती. त्यांच्या शरीराचा खर्च अगदी सामान्य निघाला. आमची जमात हसू नये म्हणून हेही सांगते : २००२ साली असंच मोजमाप आहारतज्ज्ञांचं केलं, तर त्यांनीही रोजच्या सरासरी सव्वादोनशे कॅलरी कमी लिहिल्या होत्या. ज्यांचा धंदाच हा, त्यांचं हे!

आपल्याकडे तर ॲपला आपलं जेवणच कळत नाही. एका मुलीच्या नोंदीत सांबारवडीच्या जागी इडलीवाल्याचा सांबार-वडा सापडला. ॲपला बिचाऱ्याला काय माहीत की आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो? दुसऱ्या एकीनं वरणफळं टाकली तर ॲपनं 'फळं' समजून मिश्र फळांची वाटी चढवली. वरण लिहिलं की कच्ची डाळ धरायची की शिजलेली, घट्ट की पातळ, हा घोळ वेगळाच. तर्री-पोह्यांत पोह्यांच्या कॅलरी येतात, तर्रीवर तरंगणारा लाल थर कोणी लिहीत नाही. आणि पंगतीत वाढपी "घ्या ना गुरुजी" म्हणत मठ्ठा, बुंदी, पुन्हा भाजी असा फिरतो, त्या दिवशी तुम्ही काय लिहिता? माझ्याकडे आलेल्या नोंदींत लग्नाच्या दिवशी 'वांग्याची भाजी १ वाटी, पुरी ४' असं शांतपणे लिहिलेलं असतं. वांग्याच्या त्या भाजीत वांगं कमी आणि तेल जास्त असतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

एकादशीचं तर बोलायलाच नको. साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचा कूट, वर तूप. उपासाच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त खाणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पण या सगळ्याचा राजा तेल. एक छोटा चमचा, साधारण पाच ग्रॅम, म्हणजे पंचेचाळीस कॅलरी. भाजीत दिसत नाही, पोटाला कळत नाही, वहीत येत नाही. रोज तीन चमचे लिहायचे राहिले तर १३५ कॅलरी गेल्या. म्हणून मी आता कोणालाही तेल चमच्यानं मोजायला सांगत नाही. घरात १५ किलोचा पिपा येत असेल तर उघडला त्या दिवशीची तारीख त्यावर खडूनं लिहायची, संपला की दिवस मोजायचे. पाच माणसांच्या घरात पिपा साठ दिवसांत संपला तर माणशी रोज ५० ग्रॅम झाले, म्हणजे ४५० कॅलरी नुसत्या तेलाच्या. पिपा खोटं बोलत नाही आणि कोणावर संशयही घेत नाही. हाच पिपा शंभर दिवस चालवायचा ठरवलं की माणशी ३० ग्रॅमवर येतो. सासू-सुनेत भांडण न लावता रोज १८० कॅलरी कमी होतात.

आता पाकिटावर छापलेल्या आकड्याबद्दल, घाईत. प्रथिनं चार, पिष्ट चार, स्निग्ध नऊ कॅलरी प्रतिग्रॅम, हे गणित अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं. ते सरासरीचं गणित आहे. २०१२ साली अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी अख्खे बदाम माणसांना खाऊ घालून मोजलं, तर शरीराला मिळालेली ऊर्जा छापील आकड्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी निघाली. पेशींच्या भिंतीत अडकलेलं तेल न पचता बाहेर पडतं. शेंगदाण्याचंही तेच : मूठभर अख्खे दाणे आणि तेवढ्याच दाण्यांचं तेल शरीराला सारखं नाही. प्रथिनं पचवायलाच त्यातली वीस-तीस टक्के ऊर्जा खर्ची पडते, तेलाला दोन-तीन टक्के पुरतात. पण खरं सांगते, खेड्यातल्या माणसाच्या बाबतीत या बारकाव्यांनी फारसा फरक पडत नाही. फरक पडतो भाकरीच्या आकारानं आणि तेलाच्या धारेनं.

तिसरा आकडा, ७७००. एक किलो चरबी उतरायला ७७०० कॅलरींची तूट लागते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मूळ १९५८ सालचं. मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरांनी पौंडाला ३५०० असा हिशेब मांडला, त्याचंच हे किलोतलं रूप. तुमचं ॲप तेच करतं : ५५० गुणिले ११२ दिवस म्हणजे ६१,६००, भागिले ७७००, बरोबर आठ किलो. सरळ रेघ.

शरीर सरळ रेघेत चालत नाही. वजन उतरलं की हलकं शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते, त्यामुळे कालची तूट आज तेवढी राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे गणितात बसवलं. त्यांचा ठोकताळा असा : रोज २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी एक किलो घटतं, त्यातलं निम्मं साधारण वर्षभरात, बाकीचं जवळपास सगळं तिसऱ्या वर्षापर्यंत. म्हणजे रोज १०० कॅलरी कमी केल्या तर चारेक किलो घटून वजन थांबतं. सरळ रेघेवाला म्हणेल वर्षाला पावणेपाच, तीन वर्षांत चौदा. कोण खरं ते तुम्हीच ठरवा, चौदावाला माणूस मला तेवीस वर्षांत भेटलेला नाही.

खर्च घटतो त्याहून मोठी गोष्ट भुकेची आहे. त्याच गटानं २०१६ मध्ये दाखवलं की उतरलेल्या दर किलोमागे खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. तीन किलो उतरले की शरीर रोज तीनशे कॅलरी मागत मागं लागलेलं असतं. चौथ्या महिन्यात तुम्हाला रात्री फरसाणाचा डबा आठवू लागला असेल, तर त्यात मनाचा कमकुवतपणा शोधू नका.

आणि पहिल्या आठवड्यातला दीड किलो? हे तर कापूस पिकवणाऱ्या मुलखात समजावून सांगायची गरज पडू नये. ओला कापूस काट्यावर टाकला की वजन भरतं. म्हणून तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलाव्याचं यंत्र खुपसतात, आठ टक्क्यांना पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यावर गाडी परत. तुमच्या यकृतात आणि स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो, आणि त्याचा एकेक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं कमी केलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा उतरतो आणि पाणी त्याच्याबरोबर जातं. तो दीड किलो बहुतांश ओलावा होता. रुई जाग्यावर होती. उलटंही होतं : लग्नाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो, तेही मीठ आणि पाणी. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी वजन केलं तर ते घामानं कमी दिसेल. बायकांत पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी सहज साठतं. यातलं काही चरबीत मोजू नका.

आता तुमचा हिशेब मांडू. पहिला आठवडा ओलावा म्हणून सोडून द्या. उरलेल्या १५ आठवड्यांत, म्हणजे १०५ दिवसांत, दोन किलो उतरले. दोन गुणिले ७७०० म्हणजे १५,४००, भागिले १०५ म्हणजे १४७. तुमची खरी सरासरी तूट रोज दीडशेच्या आसपास होती. ही तुमची अंतिम पैसेवारी. ती काट्यानं दिली, ॲपनं नाही.

बाकीच्या चारशे कुठं गेल्या? गुणक जास्त धरला त्याच्या २१०. तीन चमचे तेल राहिलं त्याचे १३५. शरीर हलकं झाल्यानं खर्च घटला त्याचे सरासरी ४५. झाले ३९०. ५५० मधून गेले, उरले १६०. काट्याचे १४७. जमलं! पण तुम्ही गणित शिकवता म्हणून कबूल करते, उत्तर माहीत असताना मी हे मागून जुळवलं आहे. तेल तीन चमचे होतं की दोन चमचे आणि एक आलूपोंगा, हे मला हिंगणघाटात बसून कळत नाही. एवढंच दाखवायचं होतं की यातली एकेक चूक किती साधी आहे आणि मिळून आठाचे साडेतीन कसे होतात.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. २००९ साली अमेरिकेत ८११ जणांवर मोठा प्रयोग झाला. प्रत्येकाला रोज ७५० कॅलरींची तूट पडेल असा आहार दिला, वर समुपदेशन, गटाच्या बैठका. सरळ रेघेनं सहा महिन्यांत सतरा-अठरा किलो उतरायला हवे होते. सरासरी उतरले सहा. दोन वर्षांच्या शेवटी त्यातलेही काही परत आले. तुमची आणि त्यांची गळती सारख्याच जातीची आहे.

माणसामाणसांतला फरकही खरा आहे, पण लोक समजतात तितका नाही. १९९० मध्ये क्लोद बुशार यांनी कॅनडात बारा जुळ्या जोड्यांना शंभर दिवसांत ८४ दिवस रोज हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना सारखंच जास्त. कोणाचं वजन ४.३ किलोनं वाढलं, कोणाचं १३.३ नं. एका जोडीतले दोघे भाऊ मात्र बरेचसे सारखे वाढले. तेव्हा 'आमच्या घराण्यातच आहे' हे म्हणणं अगदी पोकळ नाही. पण लक्षात घ्या, चोवीसही जणांचं वजन वाढलंच.

मग मोजायचं की नाही? तुमच्यासारख्यानं मोजावं, पण भविष्य सांगायला मोजू नये. लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त उतरतं हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे आणि माझाही अनुभव तोच. लिहायचं म्हटलं की हात थांबतो. ॲपचा आकडा चुकीचा असला तरी रोज एकाच पद्धतीनं चुकत असेल तर चालतो, दुकानदाराचा काटा पाच ग्रॅमनं हलका असला तरी या महिन्यात किराणा जास्त आला की कमी, ते कळतंच. तुमच्या ॲपमधले '१८००' प्रत्यक्षात दोन हजारांच्या जवळपास आहेत, असं आता आपल्याला कळलं आहे. मग त्या १८०० चे नाव तेच ठेवा आणि त्यातून खरोखर अडीचशे काढा.

कुठून काढायचे ते तुमच्या वहीपेक्षा तुमच्या दिवसाला विचारा. शिक्षकांचा चहा मी ओळखून आहे : घरी एक, शाळेत दोन, सुटल्यावर टपरीवर एक, संध्याकाळी कोणी आलं की एक. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम, दोनशे कॅलरी. अर्ध्या चमच्यावर आलात तर दीडशे वाचल्या, आणि पंधरा दिवसांनी गोड चहा तोंडात धरवणार नाही. उरलेल्या शंभर पिप्यातून. भाकरी कमी करायची घाई करू नका, आणि वरण तर उलट घट्ट करा. पातळ वरणाच्या दोन वाट्या पिऊन पोट भरल्यासारखं वाटतं, दोन तासांत पुन्हा भूक. घट्ट वरण, हरभऱ्याची उसळ, चालत असतील तर अंडी, जेवणात ताक, एखादी अंबाडीची नाहीतर चवळीची पालेभाजी. भूक वाढणार आहे हे ठरलेलंच आहे, तिला थोपवायला प्रथिनं आणि चोथा एवढीच आपली फौज.

चालणं सुरू ठेवा, पण ॲप चालण्याच्या कॅलरी ताटात परत टाकतं ती सोय बंद करा. तुमच्या वजनाच्या माणसाला एक किलोमीटर चालायला, बसून खर्च झाला असता तो वगळता, पंचेचाळीस-पन्नास कॅलरी लागतात. तीन किलोमीटर चालून आलात आणि दोन भजी खाल्ली, की हिशेब मिटला.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तीच फरशी. मातीच्या जमिनीवर काटा डुगडुगतो आणि मनाला येईल ते सांगतो, खाली फळी ठेवा. रोजच्या आकड्याकडे बघून आनंद-दुःख काही करू नका, सात दिवसांची सरासरी काढा. एका सरासरीपासून चार आठवड्यांनंतरच्या सरासरीपर्यंत किती घटलं ते बघा, ७७०० नं गुणा, २८ नं भागा. आलेला आकडा तुमची खरी तूट. पटली तर तसंच चालू द्या, नाही पटली तर आणखी शंभर काढा आणि पुन्हा चार आठवडे थांबा. आठवड्याला अर्ध्या किलोच्या पुढं पळायची गरज नाही. कंबरही मोजत चला, बेंबीच्या पातळीवर. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढं गेली की धोका धरतात, बाईची ८० च्या. हात-पाय बारीक आणि पोट पुढं, ही आपली ठेवण, नुसत्या किलोंत ती दिसत नाही.

साडेतीन किलोंना कमी लेखू नका, हेही मध्येच सांगते. ते तुमच्या वजनाच्या चार टक्के आहेत. पाच टक्क्यांच्या आसपास रक्तदाब, साखर, यकृतावरची चरबी यांत फरक दिसू लागतो, म्हणजे आणखी आठशे ग्रॅम.

दोन गोष्टींत मात्र हे पत्र बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. साखरेच्या आजारासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर औषधाचा डोस न बदलता खाणं कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊन माणूस गाडीवरून पडतो, तसं झालेलं मी पाहिलं आहे. आणि घरात कोणाचं वजन काही न करता उतरत असेल, सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर कौतुक न करता आधी थुंकी तपासून घ्या. आपल्या भागात क्षयरोग अजून गेलेला नाही आणि सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. गरोदर बाया, वाढत्या वयाची पोरं आणि रोजानं वेचणीला जाणारी, आधीच काटकुळी बाई यांना तर कॅलरीचं ॲप दाखवूच नका. कापसाच्या हंगामात तिला जास्त खायला मिळालं पाहिजे, तिचा प्रश्नच उलटा आहे.

तेव्हा आज तेलाच्या पिप्यावर तारीख घाला आणि उद्या सकाळपासून वजन लिहायला लागा. चार आठवड्यांनी पुन्हा लिहाल तेव्हा ॲपचे फोटो पाठवू नका. अठ्ठावीस दिवसांची वजनं, कंबरेचं माप, घरात जेवणारी माणसं किती, आणि पिप्यात किती बोटं तेल उरलं आहे, एवढं कळवा.